परचेसवाल्याच्या नजरेतून लिंक्डइन: छोट्या कारखानदारानं प्रोफाइल कशी लिहावी

भोसरी, अंबड, वाळूज, शिरोली, कुठल्याही एमआयडीसीत गेलात तरी एक गोष्ट सारखीच दिसते. शेडमध्ये लाखो रुपयांची मशिनं असतात, काम चोख असतं आणि मालकाचं लिंक्डइन खातं भाच्यानं कधीतरी दिवाळीच्या सुट्टीत उघडून दिलेलं असतं. फोटो लग्नातला, पद 'सीईओ अँड फाउंडर' आणि खाली पांढरं पान. त्याच वेळी चाकणच्या किंवा बेंगळुरूच्या एखाद्या कंपनीतला परचेस (खरेदी विभागातला) इंजिनिअर नवा व्हेंडर (माल पुरवणारा) शोधत असतो. कुणी नाव सुचवलं की पहिल्यांदा तो ते नाव गुगल आणि लिंक्डइनवर टाकून बघतो. तिथं काहीच नसलं तर तो पुढच्या नावाकडे वळतो आणि तुम्हाला ते कधी कळतही नाही.

हा लेख अशा मालकासाठी आहे. उदाहरणासाठी एक कारखाना धरून चालू: भोसरीतली प्रोप्रायटरी फर्म, दोन सीएनसी लेथ, दोन व्हीएमसी (उभी सीएनसी मिलिंग मशिनं), दहा-बारा माणसं, कास्टिंग (ओतीव भाग) आणि बारमधून (धातूच्या सळ्यांतून) पार्ट मशीनिंगचं जॉबवर्क. तुमचा धंदा वेगळा असेल तर तपशील बदलतील, लिहिण्याची रीत तीच राहील. ती रीत थोडक्यात अशी: विशेषण आलं की खोडायचं आणि त्या जागी माप लिहायचं. 'उत्कृष्ट दर्जा' वाचून परचेसवाला काहीच ठरवू शकत नाही. '२० मायक्रॉनमध्ये बोअर, स्वतःच्या गेजवर तपासून' हे वाचून तो लगेच ठरवतो, हो किंवा नाही. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, बोअर म्हणजे पार्टमधलं भोक.)

लिहायला बसण्याआधी

लिंक्डइन २००३ मध्ये सुरू झालं ते मुख्यतः नोकरदारांच्या ओळखी आणि बायोडेटा यांभोवती. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ते विकत घेतलं, सोयी वाढल्या, पण मूळ साचा बायोडेटाचाच राहिला. म्हणून ते मालकालाही 'एम्प्लॉयमेंट टाइप' विचारतं. त्या रकान्यांच्या मागे जाऊ नका. आधी कागदावर तीन गोष्टी लिहून काढा.

पहिली, तुम्हाला नेमका कोण हवाय. 'सगळे' हे उत्तर नाही. मोठ्या कंपनीचा सोर्सिंगवाला, टियर-२ सप्लायरचा (मोठ्या कंपनीच्या सप्लायरला माल पुरवणाऱ्याचा) मालक, मशीन बिल्डरचा डिझाइन इंजिनिअर आणि परदेशी आयातदार यांना वेगवेगळी माहिती लागते. पुढच्या वर्षभरात यांतल्या कुणाकडून काम हवंय ते ठरवा.

दुसरी, तो माणूस शोधताना कुठले शब्द टाकेल. तो 'प्रिसिजन इंजिनिअरिंग सोल्युशन्स' असं टाकत नाही. 'व्हीएमसी मशीनिंग पुणे', 'अॅल्युमिनिअम हाउसिंग मशीनिंग', 'एसएस ३०४ टर्न्ड पार्ट्स' असं टाकतो. गेल्या वर्षभरात आलेल्या चौकशीच्या ईमेल उघडा. गिऱ्हाइकानं स्वतः वापरलेले शब्द तिथं आयते मिळतील.

तिसरी, मशीन लिस्ट: मेक, टेबल साइज, ट्रॅव्हल, चकचा व्यास, तपासणीची उपकरणं, शिफ्ट. कोटेशनसोबत जोडता तीच. पुढचं निम्मं काम या यादीतून होईल.

भाषेचं आधीच सांगून टाकतो. परचेसवाला चेन्नईचाही असू शकतो, म्हणून मुख्य प्रोफाइल इंग्रजीत ठेवा, साध्या, तुटक चालेल अशा इंग्रजीत. इथले नमुने मराठीत दिले आहेत, ते इंग्रजीत उतरवून घ्या. दुसऱ्या भाषेतली प्रोफाइल जोडायची सोयही लिंक्डइनवर आहे, पण ते नंतरचं काम.

पायरी १: खातं माणसाच्या नावानं

सर्वांत जास्त आढळणारी चूक इथंच होते. नावाच्या रकान्यात 'श्री गणेश इंजिनिअरिंग वर्क्स', फोटोच्या जागी लोगो. लिंक्डइनच्या नियमांनुसार वैयक्तिक प्रोफाइल खऱ्या माणसाचीच असावी लागते. फर्मसाठी 'कंपनी पेज' हा वेगळा प्रकार आहे. फर्मच्या नावानं उघडलेलं खातं बंद होऊ शकतं आणि तोवर जमवलेल्या ओळखीही त्याच्याबरोबर जातात. शिवाय लोगोकडून आलेली कनेक्शन रिक्वेस्ट स्वीकारायला कोणी फारसं उत्सुक नसतं.

नावाचं स्पेलिंग व्हिजिटिंग कार्डावर, ईमेलवर आणि सरकारी ओळखपत्रावर आहे तसंच ठेवा. आडनावात कधी एक 'ए', कधी दोन, असं असेल तर आत्ताच एक नक्की करा. लिंक्डइनवर ओळख पडताळून घेतली की नावाशेजारी खूण येते. त्या वेळी ओळखपत्रावरचं नाव जुळावं लागतं. ही पडताळणी फुकट आहे आणि अनोळखी माणसाला तेवढाच आधार वाटतो. जरूर करा.

मग प्रोफाइलचा पत्ता बदला. आपोआप मिळालेल्या पत्त्यात नावामागे आकडे आणि अक्षरांचं शेपूट असतं. सेटिंगमध्ये जाऊन ते काढा आणि नाव-आडनाव किंवा नाव आणि फर्मचं छोटं रूप ठेवा. हा पत्ता कोटेशनच्या तळाशी आणि ईमेलच्या सहीत छापायचाय, म्हणून सुटसुटीत हवा.

ठिकाण लिहिताना 'भोसरी' एवढ्यावर थांबू नका. पुण्याबाहेरच्या माणसाला भोसरी कुठं आहे ते माहीत नसतं. ठिकाणाच्या रकान्यात पुणे निवडा, भोसरी एमआयडीसीचा उल्लेख पुढे मजकुरात करा.

पायरी २: फोटो आणि बॅनर

फोटोसाठी स्टुडिओत जायची गरज नाही. सकाळच्या उजेडात, शेडच्या दाराशी, साधा इस्त्रीचा शर्ट घालून मोबाइलवर काढलेला फोटो उत्तम. चेहरा चौकटीचा निम्म्याहून जास्त भाग व्यापेल इतका जवळून हवा. गॉगल नको, ग्रुप फोटोतून कापलेला नको, नेत्यासोबतचा तर अजिबात नको.

बॅनर म्हणजे वरचा आडवा पट्टा. त्याचं माप १५८४ × ३९६ पिक्सेल. बहुतेक जण तो निळाच सोडून देतात किंवा इंटरनेटवरून रोबोटच्या हाताचं चित्र उचलून लावतात. परचेसवाल्याला रोबोट बघायचा नसतो, त्याला तुमची शेड बघायचीय. मशिनं रांगेत दिसतील, फरशी झाडलेली असेल, चिपचे ढीग उचललेले असतील असा एक फोटो लावा. त्यावर उजव्या बाजूला एकच ओळ: काम, शहर. डावा खालचा कोपरा रिकामा ठेवा, संगणकावर तिथं तुमचा गोल फोटो येतो आणि मजकूर झाकला जातो. बॅनरच्या फोटोत कोणी ऑपरेटर दिसत असेल तर त्याच्या पायात चप्पल नाही ना, ते बघा. ऑडिट करणाऱ्यांची नजर आधी तिकडेच जाते.

पायरी ३: हेडलाइन

नावाखालची ही ओळ प्रोफाइलमधली सर्वांत महत्त्वाची जागा. तुम्ही सर्चमध्ये दिसलात, कुणाच्या पोस्टवर प्रतिक्रिया दिलीत, रिक्वेस्ट पाठवलीत, की नाव आणि ही ओळ सगळीकडे सोबत जाते. मर्यादा २२० अक्षरांची आहे, पण मोबाइलवर आणि यादीत तिचा पहिला तुकडाच दिसतो. म्हणून काम आधी, बाकी नंतर.

आता नेहमीची हेडलाइन बघा:

'सीईओ अँड फाउंडर | पॅशनेट आंत्रप्रेन्योर | क्वालिटी इज अवर मोटो'

यातून हा माणूस लोखंड कापतो की इन्शुरन्स विकतो ते कळत नाही. तीच जागा अशी वापरता येईल:

'सीएनसी टर्निंग आणि व्हीएमसी जॉबवर्क, पुणे | अॅल्युमिनिअम व सीआय कास्टिंग, ८०० मिमीपर्यंत | १० ते २००० नगांचे लॉट | प्रोप्रायटर'

पहिल्या तुकड्यात काम आणि शहर आलं. मग मटेरियल (सीआय म्हणजे कास्ट आयर्न, बीड) आणि साइज. मग लॉटचा आकडा, जो जवळजवळ कोणीच लिहीत नाही आणि परचेसवाल्याच्या दृष्टीनं तोच निर्णायक ठरतो. ज्याला महिना पन्नास हजार नग हवेत तो इथूनच परत जातो. तुमचाही वेळ वाचतो. ज्याला तीस नगांचा प्रोटोटाइप लॉट हवाय आणि मोठे व्हेंडर दारात उभं करत नाहीत, तो थांबतो. छोट्या कारखान्याचं खरं गिऱ्हाईक बऱ्याचदा हाच असतो.

पदाबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. फर्म प्रोप्रायटरी असेल तर तुम्ही 'डायरेक्टर' नाही. डायरेक्टर कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपनीत असतो. प्रोप्रायटर, पार्टनर, डायरेक्टर यांतलं जे कागदावर आहे तेच लिहा. व्हेंडर रजिस्ट्रेशनच्या वेळी जीएसटीचं प्रमाणपत्र मागतात, त्यात फर्मचा प्रकार छापलेला असतो. दहा माणसांच्या शेडचा 'ग्लोबल सीईओ' तिथं उगाच हास्यास्पद दिसतो.

पायरी ४: अबाउट

इथं २६०० अक्षरं मिळतात. सगळी वापरायची सक्ती नाही. पहिल्या दोन-तीन ओळी उघड्या दिसतात, बाकीचं 'सी मोअर' दाबल्यावर. त्यामुळे 'आमच्या फर्मची स्थापना आदरणीय वडिलांनी' अशी सुरुवात केलीत तर मुख्य गोष्ट झाकलेली राहते. वडिलांचा उल्लेख जरूर येऊ द्या, पण शेवटाकडे.

आपल्या उदाहरणातल्या कारखान्याचा मजकूर असा होईल (टॉलरन्स म्हणजे मापात चालणारी घट-वाढ, सीएमएम म्हणजे पार्टची मापं तपासणारं यंत्र):

'भोसरी एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. अॅल्युमिनिअम आणि सीआय कास्टिंगचं मशीनिंग आणि बारमधले टर्न्ड पार्ट करतो. पंप, व्हॉल्व्ह आणि स्पेशल पर्पज मशीन बनवणाऱ्यांसाठी १० ते २००० नगांचे लॉट.

मशिनं: दोन सीएनसी लेथ (२०० मिमी चक), दोन व्हीएमसी (ट्रॅव्हल ८०० × ५०० × ५०० मिमी). नियमित ठेवतो ती टॉलरन्स ±०.०२ मिमी. याहून बारीक असेल तर ड्रॉइंग बघून सांगतो.

तपासणी: हाइट गेज, बोअर गेज, प्लग आणि थ्रेड गेज आमच्याकडे, कॅलिब्रेशन सर्टिफिकेटसह. सीएमएम रिपोर्ट हवा असल्यास बाहेरून करून देतो.

बाहेरून करून घेतो ती कामं: हीट ट्रीटमेंट, अॅनोडायझिंग, प्लेटिंग. नेहमीचे ठरलेले व्हेंडर आहेत, जबाबदारी आमची.

वडिलांनी एका लेथवर काम सुरू केलं. मी डिप्लोमानंतर एका पंप कंपनीत क्वालिटीत होतो, मग शॉपवर आलो.

चौकशीसाठी ड्रॉइंग, मटेरियल ग्रेड आणि अंदाजे नग पाठवा. काम जमणारं आहे की नाही ते दुसऱ्या दिवशीपर्यंत कळवतो.'

यात एकही विशेषण नाही, तरी काम नीट आहे असा भरवसा वाचणाऱ्याला वाटतो. 'सीएमएम बाहेरून करून देतो' हे लिहायला जड जातं, मला माहीत आहे. कमीपणा वाटतो. पण परचेसवाला कधी ना कधी शॉप बघायला येणारच असतो. लिंक्डइनवर 'इन-हाउस सीएमएम' लिहिलेलं आणि शेडमध्ये त्या जागी रिकामा कोपरा, एवढ्यानं सगळंच संशयास्पद होतं. शेजारच्या शेडमधली मशिनं आपल्या यादीत घालण्याची सवय तर अनेकांना असते. तीन मशिनांना सहा म्हणायचं आणि ऑर्डर आली की शेजाऱ्याकडे पळायचं. एखाद्या वेळी खपतंही. पीपीएपीच्या (नवा पार्ट गिऱ्हाइकाकडून मंजूर करून घेण्याच्या) कागदांत कुठलं काम कुठल्या मशीनवर हे मांडायची वेळ आली की मात्र अडतं.

अबाउटमध्ये आयएसओ ९००१ किंवा आयएटीएफ १६९४९ (वाहन उद्योगाचं दर्जा मानक) लिहायचं तर सर्टिफिकेट चालू मुदतीतलं हवं. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर सूक्ष्म की लघु तेही सांगा. १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा बदलल्या आहेत: सूक्ष्म म्हणजे अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल, लघु म्हणजे पंचवीस कोटी आणि शंभर कोटी. मोठ्या कंपन्यांना एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम) व्हेंडरची नोंद वेगळी ठेवावी लागते, म्हणून हा तपशील त्यांच्या कामाचा आहे.

हल्ली अबाउट एआयकडून लिहून घ्यायची पद्धत पडलीय. इंग्रजी तपासायला, स्पेलिंग नीट करायला अवश्य वापरा. पण कोरा कागद त्याच्या हाती दिलात तर 'अतूट बांधिलकी', 'नावीन्याचा ध्यास' असली वाक्यं येतील आणि तुमची प्रोफाइल पुढच्या हजार प्रोफाइलसारखी वाचली जाईल. आधी मापं तुम्ही लिहा, मग वाक्यं त्याच्याकडून घासून घ्या. घासताना त्यानं एखादं मशीन स्वतःहून वाढवलं नाही ना, तेही तपासा.

पायरी ५: अनुभव आणि शिक्षण

मालक मंडळी इथं फक्त स्वतःची फर्म लिहितात. त्याआधीची नोकरी गाळतात, जणू ती लपवायची गोष्ट आहे. उलट आहे. एखाद्या नावाजलेल्या कारखान्यात तुम्ही पाच वर्षं टूलरूममध्ये किंवा क्वालिटीत होतात, तर परचेसवाल्याला ते तुमच्या फर्मच्या नावापेक्षा लवकर पटतं. तिथली माणसंही त्यामुळेच तुम्हाला सापडतात. जुने सहकारी आज वेगवेगळ्या कंपन्यांत परचेसला, प्लॅनिंगला बसलेले असतात.

वर्षं खरी लिहा. मध्ये दोन वर्षं धंदा बंद होता, घरची अडचण होती, तर तो काळ रिकामा राहू द्या. मालकाला त्याचा जाब कोणी विचारत नाही. आयटीआय किंवा अप्रेंटिसशिप केली असेल तर ट्रेडसह लिहा: टर्नर, मशिनिस्ट, टूल अँड डाय मेकर. ज्याला काम द्यायचंय त्याच्या लेखी स्वतः मशीनवर उभा राहिलेला मालक ही मोठी जमेची बाजू आहे.

फर्मच्या नोंदीखाली चार-पाच ओळींत कामांचे नमुने द्या. 'विविध प्रकारचे पार्ट' नको. 'पंप हाउसिंग, एफजी २६०, बोअर आणि फेस एकाच सेटिंगमध्ये, फिक्स्चर आम्ही बनवलेलं' असं हवं. आणि घरात दोन भाऊ मिळून धंदा बघत असतील तर दोघांच्या प्रोफाइलवर फर्मची माहिती जुळू द्या. एकाकडे चार मशिनं आणि दुसऱ्याकडे सात, हे वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं.

पायरी ६: फीचर्ड, आणि ड्रॉइंगची गोष्ट

फीचर्ड विभागात फोटो, पीडीएफ, दुवे वर टांगून ठेवता येतात. दोन गोष्टी पुरेत: मशीन लिस्टची दोन पानी पीडीएफ आणि पार्टचे पाच-सहा चांगले फोटो. पार्ट पुसून, स्वच्छ कागदावर ठेवून, शेजारी स्टील रूल. साइज न सांगता कळते.

इथं सगळ्यात जपून चाला. गिऱ्हाइकाचा पार्ट ही गिऱ्हाइकाची मालमत्ता आहे. त्याच्याबरोबर गोपनीयतेचा करार झाला असेल तर फोटोही टाकता येत नाही. करार नसला तरी विचारून टाका. ड्रॉइंगचा फोटो कधीच नको, पार्ट नंबर, कास्टिंगवरचा लोगो, रूट कार्ड (कामाच्या टप्प्यांचा कागद), मागच्या भिंतीवर लावलेलं प्लॅनिंग काहीही फ्रेममध्ये येऊ देऊ नका. नवी मंडळी उत्साहात 'अमुक कंपनीचा नवा पार्ट डेव्हलप केला' म्हणून पोस्ट टाकतात. तो पार्ट अजून बाजारात न आलेल्या गाडीचा असतो. मग फोन येतो तो कौतुकाचा नसतो.

यावर उपाय सोपा आहे. एक डेमो पार्ट स्वतःच डिझाइन करा: एक बोअर, एक थ्रेड, एक पातळ भिंत, एक कोन. उरल्यासुरल्या बारमधून बनवा, मापं घ्या, फोटो आणि तपासणीचा तक्ता शेजारी शेजारी लावा. कोणाची परवानगी लागत नाही आणि कसब नीट दिसतं.

पायरी ७: शिफारस

स्किल्सचा विभाग भरा आणि पुढे चला. तिथं गिऱ्हाईक शोधतो ते शब्द आले की झालं.

रेकमेंडेशनला मात्र वेळ द्या, कारण तो दुसऱ्याच्या सहीचा मजकूर असतो. अडचण अशी की मोठ्या कंपनीतला परचेसवाला नोकरीत असताना व्हेंडरची जाहीर शिफारस करायला कचरतो. अनेक ठिकाणी धोरणच तसं असतं. त्याला आग्रह करून अवघडवू नका. ज्यांनी ती कंपनी सोडलीय किंवा जे निवृत्त झालेत, ते मोकळेपणानं लिहितात. छोट्या कारखान्यांचे मालक, डिझाइन कन्सल्टंट, टूलिंग सप्लायर हेही चालतील. टूलिंगवाल्यानं 'पेमेंट वेळेवर' एवढं लिहिलं तरी आपल्या बाजारात त्याची किंमत आहे.

विचारताना काय आठवायचं ते सांगा, नाहीतर 'गुड पर्सन, हार्ड वर्किंग' एवढंच येतं:

'नमस्कार कुलकर्णी सर, तब्येत कशी आहे? आपण प्लँटला असताना पंप हाउसिंगचा लॉट आमच्याकडे दिला होता, कास्टिंगमध्ये ब्लो होल निघाले म्हणून आपण दोनदा शॉपवर आला होतात. त्या कामाबद्दल लिंक्डइनवर तीन-चार ओळी लिहाल का? जे आठवतं ते, जसं आठवतं तसं. वेळ नसेल तरी हरकत नाही.'

अडचणीत सापडलेल्या कामाची आठवण मुद्दाम घातलीय. सुरळीत गेलेल्या ऑर्डरवर कोणाला दोन ओळी सुचत नाहीत. शिफारस आल्यावर ती आधी तुम्हाला दिसते, मग तुम्ही ती प्रोफाइलवर दाखवता. चुकून कंपनीची आतली माहिती आली असेल तर बदलून मागता येते.

पायरी ८: कंपनी पेज आणि बाकीच्या जागा

पेज उघडा, लोगो, पत्ता, वेबसाइट घाला, आपल्या अनुभवाच्या नोंदीत ते पेज निवडा. त्यानं नावाशेजारी करड्या चौकोनाऐवजी लोगो येतो. पेजवर रोज पोस्ट टाकत बसू नका, छोट्या फर्मचं काम माणसाच्या प्रोफाइलवरच चालतं. गुगल बिझनेस प्रोफाइल, इंडियामार्ट, व्हॉट्सअॅप बिझनेस, जिथं जिथं असाल तिथं फर्मचं नाव, पत्ता, फोन अक्षरश: एकच असू द्या. एकीकडे 'एंटरप्रायझेस' आणि दुसरीकडे 'इंडस्ट्रीज' असेल तर बाहेरच्या माणसाला त्या दोन फर्म वाटतात.

पायरी ९: सेटिंग आणि सावधगिरी

प्रोफाइल दुरुस्त करायला बसण्याआधी 'बदल नेटवर्कला कळवा' ही सोय बंद करा, नाहीतर दर दुरुस्तीची दवंडी पिटली जाऊ शकते. ईमेल आणि फोन कोणाला दिसावा ते ठरवा. अबाउटमध्ये नंबर द्यायचा तर कारखान्याचा द्या, घरचा नको. जीएसटी नंबर बिलावर असतोच, तो दिल्यानं बिघडत नाही. आधार, पॅन, बँकेचा तपशील, कोरा चेक यांचा फोटो कुठंही नको.

प्रोफाइल नीट झाली की चौकशा येतात, त्यांत भामटेही येतात. मोठ्या कंपनीच्या नावानं, पण फुकटच्या ईमेल पत्त्यावरून, भरघोस ऑर्डर येते आणि मग 'व्हेंडर रजिस्ट्रेशन फी' किंवा 'सिक्युरिटी डिपॉझिट' मागितलं जातं. असं दिसलं की त्या कंपनीच्या वेबसाइटवरच्या बोर्ड लाइनवर स्वतः फोन करा आणि परचेस विभागात त्या नावाचा माणूस आहे का ते विचारा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पहिले काही तास महत्त्वाचे असतात.

पायरी १०: ओळखी वाढवणं

सुरुवात ज्यांच्याशी खरी ओळख आहे त्यांच्यापासून करा: जुने सहकारी, वर्गमित्र, सध्याची गिऱ्हाइकं, सप्लायर. मग अनोळखी. रिक्वेस्टसोबत चिठ्ठी लिहिता येते, पण फुकटच्या खात्यावर अशा चिठ्ठ्या महिन्याला मोजक्याच मिळतात. त्या राखून ठेवा, ज्याच्याकडून काम हवंय त्याच्यासाठी वापरा. जागा कमी असते, म्हणून:

'नमस्कार मॅडम, आपण व्हॉल्व्ह बॉडीचं सोर्सिंग बघता असं प्रोफाइलवर दिसलं. भोसरीत आमचं व्हीएमसी शॉप आहे, ८०० मिमीपर्यंतच्या बॉडी १० ते २००० नगांत करतो. पुढे कधी गरज पडली तर नाव लक्षात असावं म्हणून जोडतोय.'

यात मागणी नाही. स्वीकारल्यावर लगेच दुसऱ्या मिनिटाला कॅटलॉग धाडू नका. नव्वद टक्के संभाषणं तिथंच मरतात असं म्हणायचा मोह होतो, पण आकडा कोणी मोजलेला नाही. एवढं मात्र खरं की समोरचा उत्तर देत नाही. आठवडाभरानं, त्याच्या कामाशी संबंध असेल तरच, एक ओळ लिहा.

पोस्ट करायच्याच तर महिन्यातून दोन पुरेत. पातळ भिंतीचा पार्ट क्लॅम्प करताना वाकत होता, सॉफ्ट जॉ कशा बनवल्या. अॅल्युमिनिअममध्ये टॅप तुटत होता, कशानं थांबला. फोटो आणि सहा ओळी. 'सुप्रभात' आणि सणांच्या शुभेच्छा व्हॉट्सअॅपसाठी ठेवा. दुसऱ्यांच्या तांत्रिक पोस्टवर माहितीची एक प्रतिक्रिया टाकली तर ती तुमच्या हेडलाइनसकट अनेकांसमोर जाते. स्वतःच्या पोस्टपेक्षा याचा उपयोग कधीकधी जास्त होतो.

धंदा वेगळा असेल तर

मसाले, लोणची, बेकरीवाल्यांनी टॉलरन्सच्या जागी एफएसएसएआय परवान्याचा १४ आकडी नंबर, टिकण्याचा काळ, किमान ऑर्डर आणि महिन्याची क्षमता लिहावी. गोव्यातल्या वेर्णा किंवा कुंडईतल्या औषध कारखान्यांना पॅकिंग किंवा फॅब्रिकेशन पुरवणाऱ्यांनी कुठल्या दर्जाचं स्टेनलेस, किती पॉलिश, कागदपत्रं काय देतो हे सांगावं. वकील आणि सीए मंडळींनी मात्र इथला सल्ला जसाच्या तसा उचलू नये. बार कौन्सिल आणि आयसीएआय, दोघांचेही जाहिरातबाजीवर नियम आहेत. त्यांनी प्रोफाइल माहितीपुरती ठेवावी आणि काम मागणारी वाक्यं टाळावीत.

चौकशी आल्यावर

लिंक्डइनचे मेसेज तासन्‌तास न बघणं ही आपली जुनी सवय आहे. मोबाइलवर अॅप ठेवा, नोटिफिकेशन फक्त मेसेजचं चालू ठेवा. चौकशी आली की चार गोष्टी विचारा: ड्रॉइंग, मटेरियल ग्रेड, नग, कधी हवं. भाव लगेच सांगायची घाई नको, पण मेसेज मिळाल्याची पोच त्याच दिवशी द्या. नवं मशीन आलं, सर्टिफिकेट बदललं, एखादं काम बंद केलं, की त्याच आठवड्यात हेडलाइन, अबाउट आणि पीडीएफ तिन्ही बदला.

आणि काम आपल्या बेडमध्ये बसत नसेल तर सरळ कळवा: 'सर, हा पार्ट १२०० मिमीचा आहे, आमच्याकडे ८००च्या वर जमत नाही.' ओळखीत कोणाकडे मोठी मशीन असेल तर त्याला विचारून त्याचं नाव द्या. छोटे पार्ट आले की तो माणूस परत तुम्हालाच मेसेज करतो.